पक्की टीप, लाल बाण

बाईमाणूस असून मी लोकांच्या पँटींकडे बघत असते, आणि आमच्या नातेवाइकांनी आता त्याचं वाईट वाटून घेणं सोडून दिलं आहे. लग्नात पंगत बसली की माझी नजर ताटावर कमी आणि समोरच्याच्या मांडीवरच्या शिवणीवर जास्त असते. एखाद्या भावजींनी नवी जीन्स घातलेली दिसली की मी बेधडक म्हणते, "भावजी, जरा उभे राहा बरं." ते बिचारे उभे राहतात. "आता फिरा." फिरतात. मग मी सांगते की उजव्या पायाची बाजूची शिवण नडगीवर येऊन बसली आहे, म्हणजे कापड तिरपं कापलंय, धुतल्यावर अजून पिळेल. भावजींचं तोंड उतरतं, बहीण डोळे वटारते, आणि मला मात्र जेवण गोड लागतं.

काय करू, कामच तसं आहे. वर्ध्याबाहेर जीन्स शिवायचं एक युनिट आहे, तिथे मी चेकिंगच्या टेबलावर असते. शिवून आलेली जीन्स उलटी करायची, हात फिरवायचा, खोट दिसली की तिथे लाल बाणाचं स्टिकर चिकटवायचं आणि पीस बाजूला टाकायचा. दिवसभर लोकांच्या चुका दाखवायच्या आणि वर पगार घ्यायचा. माझ्या स्वभावाला याहून मानवणारं काम दुसरं नसेल असं घरातले सगळे म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत.

जीन्स घेताना लोक काय बघतात? रंग बघतात, गुडघा किती फाटलाय ते बघतात, मागच्या खिशावरची नक्षी बघतात. मुलगी बघायला जायचं आणि पडद्यांचं कौतुक करून परत यायचं, तसलाच प्रकार. अहो, जीन्स आधी उलटी करा! मी बाजारात दुकानात उभी राहून उलटी करायला घेतली की दुकानदार कळवळतो, "ताई, उलटी काऊन करून राह्यल्या? घालाची त सुलटीच हाये ना!" असू दे. उलटी केली की दोन मांड्यांच्या मधली शिवण बघायची. चांगल्या जीन्समध्ये दोन्ही कापडांच्या कडा एकमेकींच्या घडीत अडकवलेल्या असतात आणि वरून दोन समांतर टिपा असतात. कड आतून दिसत नाही, बाहेरूनही दिसत नाही, बोट फिरवलं तर सपाट पट्टी लागते. स्वस्तातल्या जीन्समध्ये दोन कडा नुसत्या जोडतात, आतून कडेवर ओव्हरलॉकची जाळी मारतात आणि वरून दिखाव्यापुरत्या दोन टिपा ओढून देतात. दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात. मग एक दिवस माणूस मोटारसायकलवर टांग टाकतो आणि फरक साऱ्या चौकाला कळतो.

चौकावरून आठवलं. पुढच्या-मागच्या चारही शिवणी जिथे एकत्र येतात, त्या बसायच्या जागेला आम्ही टेबलावर चौकच म्हणतो. चारही शिवणी बरोबर एका ठिकाणी भेटल्या तर समजायचं की शिवणाऱ्यानं मन लावून शिवलंय. एक इकडे, एक तिकडे असेल तर त्याचं लक्ष डब्यात होतं. मग पट्ट्याचे लूप ओढून बघायचे, खिशाचे कोपरे बघायचे, तिथे दाट टाक्यांची छोटी गाठ असते ती आहे का ते बघायचं. हे सगळं आज मला झोपेतही येतं. पण या टेबलावर मी पोचता पोचता राहिलेच असते, आणि त्याला कारण माझी आई. म्हणजे आईची पक्की टीप.

आमचं घर वर्ध्याला लागूनच, बोरगाव मेघ्यात. पुढच्या खोलीत आईची पायाची शिलाई मशीन, आणि त्या मशीनवरून न जाता आमच्या घरात एकही रेडीमेड कपडा कुणाच्या अंगावर चढलेला नाही. तुमच्याकडेही हे असेलच. बाजारातून गाऊन आणला, कुर्ता आणला, की आधी आतून एक पक्की टीप मारायची, मगच घालायचा. आईचं ठाम मत असं की रेडीमेडवाले कपडा शिवत नाहीत, नुसता चिकटवतात. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या नर्सबायासुद्धा नवे कपडे पिशवीत घालून तिच्याकडे आणायच्या. "मावशी, पक्की टीप मारून द्या," म्हणायच्या, आणि आई कपडा उलटा करून असं तोंड वाकडं करायची की जणू तो त्या बाईनंच शिवलाय. भावाच्या शाळेच्या दप्तराला तिनं टीप मारली होती. एकदा तर नव्या छत्रीलाही मारली. त्या छत्रीतून मग प्रत्येक टाक्यागणिक पाणी गळायचं, पण आई म्हणायची, "गळू दे, उसवली त नाई ना?"

युनिटमध्ये मी लागले ती धागे कापायला. शिवून आलेल्या जीन्सचे लोंबणारे धागे छोट्या कात्रीनं कापायचे, दिवसभर. बोटांना घट्टे पडतात, डोक्याला काम शून्य. माझं सगळं लक्ष पलीकडच्या चेकिंगच्या टेबलावर. तिथल्या मॅडम नागपूरच्या, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी, आणि नजर अशी की त्या समोरून गेल्या की मी स्वतःच्या ओढणीची कड तपासायची. मी त्यांच्यामागे लागले, लागले, शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक है, तुझी परीक्षा घेते." शनिवारी सुटी होताना त्यांनी रिजेक्टच्या ढिगातून एक जीन्स काढून माझ्या हातात दिली. "घर ले जा. यातल्या खोटी शोध. सोमवारी मला एकेक बोट ठेवून दाखवायच्या. सगळ्या दाखवल्या तर टेबलावर ये, एक जरी सुटली तर परत धागे. और दुबारा मत पूछना." घरी नेऊ द्यायचं कारण एवढंच, की युनिटमध्ये बाकीच्या बाया मला खुणा करून सांगतील असं त्यांना वाटत होतं. खरंच सांगितलं असतं त्यांनी.

मी जीन्स घरी आणली आणि कपाटात माझ्या कपड्यांखाली ठेवली. आईला काही बोलले नाही. परीक्षा आहे म्हटलं असतं तर तिनं रात्रभर सूचना केल्या असत्या, आणि नापास झाले असते तर सगळ्या बोरगावाला सोमवारीच कळलं असतं. रविवारी सकाळी समुद्रपूरला मामेबहिणीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. आईकडे लग्नसराईचे ब्लाउज पडलेले, म्हणून ती घरी राहिली. मी एकटीच एसटीनं गेले. संध्याकाळी निवांत बसून जीन्स बघायची, असं माझं ठरलं होतं.

संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, कपाट उघडलं. जीन्स जागेवर नव्हती. पलंगावर होती. इस्त्री करून, घडी घालून, वर आईच्या आवडत्या पद्धतीनं उशी ठेवून.

मी ती उलटी केली. मांडीच्या शिवणीवर आणखी एक टीप, बाजूच्या शिवणीवर टीप, मागच्या शिवणीवर टीप, खिशांच्या कोपऱ्यावर टाके, पट्ट्याचे लूप असे घट्ट की त्यांना धरून विहिरीतून बादली ओढावी. चौकात चार शिवणी अशा भेटलेल्या की मॅडमनी सुद्धा मान डोलावली असती. खोट म्हणून औषधाला शिल्लक नव्हती.

"आई! हे काय केलं तू?"

आई मशीनवरूनच म्हणाली, "काय केलं म्हणजे? उसवलेली घालून जाशीन का? अवं, काय शिवण होती थे! चौकात एक टीप मुंबईले अन् एक कलकत्त्याले. खलबत्त्याचा बत्ता घेऊन शिवण ठोकून ठोकून सपाट केली मी, तवा सुई गेली आत. दोन सुया मोडल्या."

"थे माही नाई! कंपनीची हाये! परीक्षा होती माही, त्यातल्या खोटी दाखवाच्या होत्या मले उद्या! आता काय दाखवू, तुह्या टिपा?"

मशीनचं चाक थांबलं. आई माझ्याकडे बघत राहिली. "तुही नाई?" तिनं विचारलं.

"नाई! सांगून त राह्यली!" मी ओरडले. माझा आवाज शेजारच्या काकूंच्या टीव्हीच्या वर गेला असणार, कारण टीव्ही बारीक झाला. "कुठं कुठं उसवलं होतं थे त सांग आता."

आईनं दोरा तोडला, ब्लाउज बाजूला ठेवला आणि उठून स्वयंपाकघरात गेली. "मले काय मालूम. जे वाईट दिसलं थे नीट केलं. मोठी चेकर होणार हायेस ना, वळख तूच." त्यानंतर तिनं पोळ्या लाटल्या, वाढलं, भांडी घासली, पण तोंडातून शब्द काढला नाही. मला वाटलं चूक कळली म्हणून गप्प आहे. बरं झालं, असंही वाटलं. माझा राग एवढा होता की तिच्या गप्प बसण्याकडे नीट बघायलाही मला फुरसत नव्हती.

जेवून मी ट्यूबलाइटखाली जीन्स पसरून बसले. पंचाईत अशी, की आईनं फक्त खोट होती तिथेच टीप मारली असती तर सोपं होतं. पण तिनं सगळीकडेच मारली होती. खोट कुठली आणि आईची काळजी कुठली, हे कसं ओळखायचं? दोरा तिनं रंग जुळवून घेतलेला, जीन्सचा असतो तसा तांबूस पिवळा. फक्त तिचा ब्लाउजचा दोरा बारीक आणि कंपनीचा जाड. बराच वेळ मी नुसतीच आईला मनात बोलत बसले. मग मांडीची शिवण उजेडाकडे धरली आणि मला ती पांढरी टिंबं दिसली.

जीन्सच्या कापडाचं एक बरं असतं. ते वरून निळं, पण सूत आतून पांढरं. सुई एकदा त्यातून गेली आणि नंतर टीप उसवली, की त्या जागी पांढरी टिंबं राहतात, धुतल्याशिवाय जात नाहीत. आईनं जिथे नुसती वरून टीप मारली होती तिथे ती नव्हती. जिथे तिनं आधी उसवून मग शिवलं होतं तिथे जुन्या टाक्यांची टिंबांची ओळ होती. आणि आई काय चांगली शिवण उसवणाऱ्यातली नाही. उसवलं असेल तर तिथे नक्की खोट होती! मी शेंगदाणे निवडावेत तशी एकेक शिवण निवडत गेले. चौक, उसवलेला. मांडीच्या शिवणीत वीतभर भाग, उसवलेला, म्हणजे तिथे आतली कड घडीत सापडलीच नसणार. मागच्या शिवणीत बोटभर, तिथे टाका सुटला असणार. एक लूप. एका खिशाचा कोपरा. आणि मागे कमरेच्या पट्ट्याखाली बरंच काही उसवून शिवलेलं. मी सगळं तोंडपाठ केलं आणि झोपले.

सोमवारी मॅडमच्या टेबलापुढे उभी राहिले. मॅडमनी जीन्स हातात घेतली, उलटी केली, आणि त्यांचा चष्मा नाकावर खाली आला. "ये क्या है?"

"मॅडम, माझ्या आईनं नीट केली."

"क्यों?"

"तिला उसवलेलं बघवत नाही, मॅडम."

मागे धागे कापणाऱ्या बाया खी खी करून हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "मग परीक्षा कशाची देणार तू?"

"देते ना," मी म्हटलं, आणि बोट ठेवत गेले. चौक जुळलेला नव्हता. इथे कड घडीत सापडली नव्हती. इथे टाका सुटला होता, या साखळी टाक्याचं असं असतं की एक टाका सुटला तर धागा ओढल्यावर सगळी ओळ निघत जाते. हा लूप खालून अडकवलेला नव्हता. या कोपऱ्याला दाट टाके नव्हते. मॅडमची मान प्रत्येक वेळी जराशी हलत होती. शेवटी मी मागच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "आणि इथे, कमरेला, शिवण वाकडी असणार."

"वहाँ तो कुछ नहीं था," मॅडम म्हणाल्या. "तिथे एकदम बरोबर होतं."

मॅडमनी टेप काढला, कमरेला लावला, आत शिवलेल्या साइजच्या पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी तोच टेप माझ्या कमरेभोवती फिरवला. मग पायाची लांबी मोजली. खालची मोहरीसुद्धा चार बोटं वर घेऊन शिवलेली होती, माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. "अरे, ही तर तुझ्या मापाची केली आहे तिनं," मॅडम म्हणाल्या.

आता इथे एक सांगायला हवं. दिवसभर जीन्स हाताळणारी मी, पण माझ्या अंगावर कायम पंजाबी ड्रेस. जीन्सवरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी कशावरूनच झाली नसतील. नर्सबायांनी घातली तर चालते, डॉक्टरीण बाईंनी घातली तर छान दिसते, पण आपल्या पोट्टीनं घातली की "लोक काय म्हणतीन". मीही हट्टी, पण आईपुढे काय चालणार. आणि त्याच आईला कपाटात माझ्या कपड्यांखाली लपवलेली जीन्स सापडली होती. तिला वाटलं पोरीनं पगारातून घेतली, सांगायची हिंमत झाली नाही. तिनं ती फेकली नाही, माझ्या येण्याची वाट बघत तमाशा केला नाही. ब्लाउज बाजूला ठेवून, बत्त्यानं ठोकून, सुया मोडून ती माझ्या मापाची करून ठेवली. आणि मी तिला शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडले होते. माझे डोळे भरून आले, तिथेच, सगळ्या बायांसमोर.

मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी मांडीची शिवण माझ्यापुढे सरकवली. "अब आखरी सवाल. ही तुझ्या आईची टीप. टेबलावर आली असती तर पास की फेल?"

देवा, एवढा वाईट प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी शिवण हातात धरली. सुंदर होती. सरळ, एकसारखी, ओळ आखल्यासारखी. पण टाका बारीक होता, ब्लाउजच्या मलमलीला घालतात तसा. एकेका टाक्याला खेटून दुसरा टाका, आणि प्रत्येक टाक्याला एक भोक. मी दोन्ही हातांनी ताण दिला तर दोरा हलला नाही, बाजूचं कापड मात्र ताणलं गेलं आणि भोकं उघडली. अशी जीन्स घालून माणूस रोज उठला-बसला तर शिवण शाबूत राहील आणि तिच्या कडेनं कापड फाटेल. शिवण उसवली तर परत मारता येते, कापड फाटलं तर काही करता येत नाही.

"फेल," मी म्हटलं, आणि लाल बाण उचलून स्वतःच्या हातानं आईच्या टिपेवर चिकटवला. मॅडमनी जीन्स उचलून ढिगात टाकली आणि म्हणाल्या, "कल से टेबल पे आ."

घरी आले तेव्हा आई मशीनवरच होती. वर बघितलं नाही. "झालं का?"

"झालं. उद्यापासून टेबलावर."

"बरं झालं." मशीन सुरू झालं, थोडं चाललं, थांबलं. "अन् माही टीप? काय म्हणे तुही मॅडम?"

खोटं बोलायला कितीसा वेळ लागतो. पण मी आताच पास-फेलच्या टेबलावर लागले होते. "मॅडम काही नाई म्हणे. मीच म्हटलं. फेल."

आईचा चेहरा असा झाला की मला पळून जावंसं वाटलं. "फेल? माही टीप? अख्खं बोरगाव टिपा माराले येते माह्याकडं, अन् माह्या घरची पोट्टी मले फेल करते?"

"टाका लय बारीक होता आई. जीन्सले मोठा टाका लागते. बारीक टाक्यानं कापडाले भोकं पडतात, मंग कापडच फाटते."

"मजबूत राहावं म्हून मारली ना मी!"

"थेच त! लय मजबूत केली तू."

ती मशीनच्या सुईत दोरा ओवायला लागली, आणि तो काही जाईना. मी तिच्या हातातून दोरा घेतला, सुईत ओवला आणि विचारलं, "आई, कंबर काऊन लहान केली व तू?"

"मले वाटलं तू घेतली," आई सुईकडेच बघत म्हणाली. "म्हटलं घेतली त घालू दे. किती दिवस नाई म्हणू. पण ढगळी घालून फिरशीन त लोक हासतीन, म्हून केली."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडले. तिनं डोक्यावरून हात फिरवला, पण एकाच हातानं, दुसऱ्या हातात ब्लाउज होता.

"कुठी हाये थे आता?"

"कंपनीत. रिजेक्टच्या ढिगात."

"मापाची झालती का पण?"

"मॅडमनं टेप लावला. बरोबर माह्या मापाची."

"माप न घेता केलती," आई म्हणाली, आणि मग मशीनचं चाक हातानं जरासं फिरवून तिनं ब्लाउज सुईखाली सरकवला. "जाय, एक घेऊन ये तुह्यासाठी. चांगली पाहून आणजो. कंबर मी करून देईन. बाकी कुठी हात नाई लावत."